जुनापाणीची शिलावर्तुळं: पाय ठेवण्याआधी कळलं असतं तर

कुशावतीकाठी
रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

लेक नागपूरला नोकरीला लागली म्हणून डिसेंबरात तिच्याकडे पंधरा दिवस राहून आले. गोव्यात, रिवण गावात जन्म गेलेल्या बाईला तिथली सपाटी सुरुवातीला सोसत नाही. ना कातळाचा सडा, ना डोंगराची सोबत, नजर कुठे टेकतच नाही. दीक्षाभूमी झाली, रामटेक झालं, अजबबंगला झाला. निघायच्या दोन दिवस आधी लेकीला म्हटलं, मला जुनापाणीला ने. तिने नावही ऐकलेलं नव्हतं. तिच्या ऑफिसातल्या अस्सल नागपूरच्या मुलींनीही नाही.

काटोल रस्त्याने शहराबाहेर पडलं की दहा-बारा किलोमीटरवर हे ठिकाण आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक आहे, पुढे सगळं मोकळं माळरान. सुकलेलं पिवळं गवत आणि त्यात काळे धोंडे. पहिली पाच मिनिटं मला काहीच दिसलं नाही, खरंच सांगते. धोंडेच धोंडे. मग एका क्षणी नजर बसली आणि सगळीकडे गोल दिसायला लागले. एक इथे, एक त्या बाभळीपलीकडे, त्याच्या मागे आणखी दोन. एका गोलाभोवती पावलं मोजत फिरले, साठाच्या वर भरली. काही धोंडे गुडघ्याएवढे, काही कमरेला लागतील एवढे. गोलाच्या आतली जमीन मधोमध फुगलेली. कढईवर झाकण पालथं घालावं तशी.

आणि मी काय केलं, तर दूरचे गोल एका फोटोत यावेत म्हणून त्या फुगवट्यावर चढले. चपला घालून, मधोमध उभी राहिले. लेक तोवर फलक वाचून आली होती. ती खालूनच म्हणाली, "आई, खाली ये. ही थडगी आहेत गं."

माणसाला नकळत पाय लागला तर आपण हात लावून कपाळाला लावतो, तसं केलं आणि उतरले. पण तो क्षण काही मनातून जात नाही. घरून वाचून गेले होते, तरी पायाखाली काय आहे हे कळलं नाही. ज्याने काहीच वाचलेलं नाही त्याला कसं कळणार?

जे समजलं ते थोडक्यात लिहिते. जुनापाणीच्या परिसरात अशी सुमारे ३०० वर्तुळं नोंदलेली आहेत. महापाषाणयुगातली, म्हणजे साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची. मृताला किंवा त्याच्या अस्थी पुरून, सोबत त्याच्या वस्तू ठेवून वर माती आणि दगडगोटे यांचं टेकाड रचायचं आणि त्याला मोठ्या धोंड्यांचं रिंगण घालायचं. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले छोटे गोल खळगे आहेत, पणतीच्या तळाएवढे. त्यांचा अर्थ काय यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मी एका खळग्यात बोट घालून पाहिलं. उन्हाने तापलेला दगड, पण खळगा गुळगुळीत.

परत आल्यापासून मनात एकच तुलना चालू आहे. आमच्या उसगाळीमळावर, म्हणजे फणसायमळावर, कुशावतीच्या काठी जांभ्यात कोरलेली चित्रं आहेत. तीही संरक्षित, तीही हजारो वर्षांची. १९९३ मध्ये ती जगाला कळली ती गावच्या लोकांनी दाखवली म्हणून. जुनापाणीला असं कोणी आहे का? जवळच्या वस्तीत या टेकाडांबद्दल काय सांगतात? विदर्भातलं कोणी असेल तर लिहा. इतिहास शिकवणाऱ्यांनी माझ्या लिहिण्यात चूक असेल तर दुरुस्त करा.

फोंड्याची_सई
रविवार, रात्री १०:०५

ताई, वाचून अंगावर काटा आला. फोटो टाका ना. आणि सोबत वस्तू ठेवायचे म्हणजे नेमकं काय काय मिळालं?

संत्रानगरी
रविवार, रात्री ११:२०

ताई, मी मूळचा हिंगण्याकडचा. आठ वर्षं झाली कुंडईला कारखान्यात आहे. गोव्यात बसून कोणी जुनापाणीबद्दल विचारेल असं वाटलं नव्हतं.

लहानपणी आमच्या वावराच्या बाजूला असा एक गोल होता. आजोबा त्यात नांगर घालत नसत. का, ते कधी सांगितलं नाही. "तिथलं तिथंच राहू दे" एवढंच म्हणायचे. बैल सोडायचे, जेवायला सावलीला बसायचो, पण नांगर नाही. आजोबा गेले, वावर विकलं गेलं. आता तिथे लेआउट पडलं आहे. धोंडे कुठे गेले कोणास ठाऊक, कोणाच्या तरी जोत्यात असतील. तो गोल सरकारी यादीत नव्हता. जुनापाणीची वर्तुळं यादीत आहेत म्हणून तेवढी तरी उभी आहेत. नागपूरच्या चहूबाजूंना अशी पुष्कळ होती आणि शहर पसरत चाललं आहे.

तुम्ही विचारलंत लोक काय सांगतात. आमच्या घरी गोष्ट नव्हती, फक्त नियम होता. गोष्ट नसली की पुढच्या पिढीला नियम सांगता येत नाही. माझ्या वडिलांना तो मला सांगता आला नाही.

एक आठवण मात्र सांगतो. नागपूरला हिस्लॉप कॉलेज आहे. ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे मिशनरी होते, पण दगड, जीवाश्म आणि आदिवासींच्या भाषा यांचा त्यांना ध्यास होता. ४ सप्टेंबर १८६३ ला ते टाकळघाटची अशीच शिलावर्तुळं बघायला गेले होते. बोरीकडे परतताना पुराच्या नाल्यात बुडून वारले. त्यांचे राहिलेले कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. कॉलेजात तीन वर्षं काढली, पण हे मला कॉलेज सुटल्यावर कळलं. भाद्रपदात आमच्याकडचे नाले कसे येतात ते मला माहीत आहे. अर्ध्या तासात गुडघाभर पाण्याचं डोकं बुडेल एवढं होतं.

मळेकर
सोमवार, सकाळी ७:१५

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. कुशावतीकाठी ताईंनी लिहिलेलं बरोबर आहे, थोडी भर घालतो. सईंच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येईल.

जुनापाणीला पहिलं खोदकाम केलं जे. एच. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने. ते कापूस खात्याचे आयुक्त होते. नागपूरजवळची काही टेकाडं त्यांनी उकरली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. त्या खळग्यांकडे लक्ष वेधणारेही तेच. ब्रिटनमधल्या दगडांवरही असे खळगे आहेत, त्यामुळे ते थक्क झाले होते. त्यांना मिळालेल्या वस्तूंपैकी काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

शास्त्रशुद्ध उत्खनन झालं ते १९६१-६२ मध्ये, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली. त्यांनी तीनच वर्तुळं खोदली. आपल्याकडे समज असा असतो की पुरातत्त्ववाला आला की सगळं उकरून मोकळा होतो. शेकडोंतली तीन, बाकीची पुढच्या लोकांसाठी ठेवली.

मिळालं काय? लोखंड, भरपूर लोखंड. खंजीर, पसरट कुऱ्हाडी, छिन्न्या, कुदळीसारखी अवजारं, कडी. कुऱ्हाडीचं पातं दांड्याला घट्ट बसावं म्हणून त्याला आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असत. ही विदर्भातल्या लोहारांची खास पद्धत. तांब्याच्या बांगड्या. आणि घोड्याचे लगाम, म्हणजे तोंडात घालायची सळई आणि तिची कडी. मडकी आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. भट्टीत मडकं पालथं घातलं की आतल्या भागाला हवा लागत नाही, तो काळा होतो. बाहेरच्या अंगाला हवा मिळते, ते तांबडं भाजतं. मी वर्गात हे सांगतो तेव्हा पोरांना मडक्यापेक्षा भट्टीत जास्त रस वाटतो, आणि तसंच असायला हवं.

घोड्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला त्यातलं काहीतरी फार लागतं. जुनापाणीपासून जवळच, त्याच काटोल रस्त्याला माहूरझरी आहे. तिथे नागपूर विद्यापीठाच्या वतीने प्रा. शां. भा. देव यांनी १९७० च्या सुमारास उत्खनन केलं. काही वर्तुळांत माणसासोबत घोडाही पुरलेला सापडला, आणि घोड्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज होता. म्हणजे मालकाबरोबर घोडा गेला, आणि जाताना त्याला सजवलं. माहूरझरी अकीक आणि कार्नेलियन या रंगीत दगडांच्या मण्यांचं मोठं केंद्र होतं. नायकुंडला, पेंच नदीच्या काठी, लोखंड गाळायची भट्टीच सापडली आहे, साधारण इ.स.पू. ७०० ची. तेव्हा ही फिरस्ती, रानटी माणसं नव्हती. लोहार होते, मणी घडवणारे होते, घोडे पाळणारे होते. घरं मात्र मातीकुडाची, ती विरून गेली. राहिली ती थडगी.

प्रत्येकाला असं थडगं मिळत नसणार हेही उघड आहे. एवढे धोंडे ओढून आणायला किती हात लागले असतील.

डिचोलीकर
सोमवार, दुपारी १:३०

माहिती छान आहे, पण मला एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहितो. ताई नकळत वर चढल्या तर त्यांना एवढं वाईट वाटलं. मग ज्यांनी ती टेकाडं मुद्दाम उकरली, हाडं पेटीत भरली, लगाम लंडनला पाठवले, त्यांचं काय? माझ्या आजीचं दहन झालं, अस्थी नार्व्याला पंचगंगेत सोडल्या. उद्या कोणी म्हणालं की अभ्यासासाठी हव्या होत्या, तर मी देईन का? मेलेल्याला शांत पडू द्यावं. तीन हजार वर्षं झाली म्हणून तो माणूस माणूस राहत नाही का?

फोंड्याची_सई
सोमवार, दुपारी २:०२

हा प्रश्न माझ्याही मनात आला होता, विचारायला धजले नाही.

कुशावतीकाठी
सोमवार, रात्री ८:५०

डिचोलीकर दादा, तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. माझंही मत पक्कं नाही. पण असं बघा. त्या टेकाडावर उभी असताना माझ्या पायाखाली नुसती माती होती. "थडगं" हा शब्द ऐकल्यावर तिथे कोणीतरी आलं. सरांनी घोड्याचं लिहिल्यावर तो माणूस आणखी जवळ आला. आता मला तो जवळजवळ दिसतो. थापरांनी ती तीन वर्तुळं उघडली नसती तर आज आपल्यापैकी कोणाला त्याच्याबद्दल एवढंही वाटलं असतं का? संत्रानगरी दादांच्या वावरातलं वर्तुळ कोणी खोदलं नाही, नोंदलंही नाही. ते शांत पडून नाही राहिलं. ते गेलंच.

मळेकर
सोमवार, रात्री ९:२५

डिचोलीकर, तुमच्या प्रश्नाला मी टाळणार नाही. एकोणिसाव्या शतकात जे झालं त्यात कुतूहल होतं तसा हव्यासही होता, आणि वस्तू परदेशी गेल्या याचं दुःख मलाही आहे. आजची पद्धत वेगळी आहे. परवान्याशिवाय खोदता येत नाही, थर थर नोंदले जातात, शक्यतो थोडंच उघडतात. शिवाय आता पुष्कळ गोष्टी न खोदता कळतात. जमिनीवरून मोजमाप, नकाशे, आकाशातून काढलेले फोटो. बरीचशी वर्तुळं तशीच मिटलेली राहतील आणि तशीच राहावीत, असं मलाही वाटतं.

पण टेकाडाला खरा धोका पुरातत्त्ववाल्याचा नाही. जेसीबीचा आहे.

सत्तरीचा_पाऊस
सोमवार, रात्री १०:४०

मी म्हाऊसजवळचा. आमच्याकडे झरमे नदीच्या पात्रात खडकावर बैल कोरलेले आहेत, हे बऱ्याच गोंयकारांना आता कुठे कळायला लागलं आहे.

ताईंनी मधोमध फुगलेल्या जमिनीचं वर्णन केलं ते वाचताना मला आपली रोयण, म्हणजे वारूळच आठवलं. आपल्याकडे सातेरीच्या कितीतरी देवळांत गाभाऱ्यात मूर्ती नाही, वारूळ आहे. मातीचा उंचवटाच देवी. कोणी त्यावर पाय देईल का? लहान पोरालाही सांगावं लागत नाही. विदर्भातल्या टेकाडांचा आणि आपल्या रोयणीचा मुळात काही संबंध असेल का? मातीचा ढीग पुजायचा हे कुठून आलं असेल?

मळेकर
सोमवार, रात्री ११:०५

संबंध जोडण्याचा मोह मलाही होतो, पण पुरावा नाही, म्हणून जोडू नये. वारूळ मुंग्या-वाळवीने रचलेलं, जिवंत, वाढतं. म्हणून ते भूमीचं आणि सर्जनाचं रूप. शिलावर्तुळ माणसांनी मृतासाठी रचलेलं. दोन्ही उंचवटे एवढंच साम्य. वर्गात मी असं जोडून सांगितलं तर दहा वर्षांनी तेच कोणाच्या तरी लेखात सत्य म्हणून छापून येईल.

सत्तरीचा_पाऊस
सोमवार, रात्री ११:१८

मान्य, सर. मग एवढंच म्हणतो की रोयणीला राखण लागत नाही, कारण ती कोण आहे ते गावाला ठाऊक आहे.

संत्रानगरी
सोमवार, रात्री ११:३०

हे वाक्य माझ्या आजोबांना आवडलं असतं.

चिरेकाप
मंगळवार, सकाळी ६:५०

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं चिरे काढले, मी पंधरा. आता सोडलं. शिकलेला नाही, पण दगडाबद्दल दोन गोष्टी सांगू शकतो.

ताईंना प्रश्न पडला असेल की आपल्या गोव्यात अशी हाडं घोड्यासकट का सापडत नाहीत. आपली माती आंबट. तांबडी जांभ्याची माती, वर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हाड टिकतच नाही, विरघळून जातं. खाणीत कधीतरी जनावर पडून मरायचं, पाच-सात वर्षांनी तिथे शिंगाशिवाय फारसं काही उरलेलं दिसायचं नाही. नागपूरची काळी माती वेगळी. तीही भेगाळते, फुगते, हाडं मोडते म्हणतात, पण काहीतरी ठेवते. आपल्या मातीत माणूस राहत नाही. त्याने दगडावर कोरलेलं राहतं.

दुसरी गोष्ट. जांभा जमिनीतून नवा निघतो तेव्हा मऊ असतो, म्हणून तर हाताच्या कुऱ्हाडीने चिरे पाडता यायचे. वारा-ऊन लागलं की वर्षभरात टणक होतो. तरीही तो सच्छिद्र दगड, काळ्या दगडासारखा नाही. वरचा टणक पापुद्रा एकदा झिजला की आत मऊच. उसगाळीमळावर लोक बूट घालून त्या चक्राकार नक्षीवर उभे राहून फोटो काढतात ते पाहून माझा जीव कासावीस होतो. काळ्या धोंड्यावरचा खळगा बुटाने झिजणार नाही. जांभ्यावरची रेघ झिजते. डोळ्यांना कळणार नाही, पण प्रत्येक पाऊल थोडं थोडं नेतं.

फोंड्याची_सई
मंगळवार, सकाळी ९:१०

मी दोन वर्षांपूर्वी तिथे त्याच नक्षीवर बसून फोटो काढला होता. सँडल घालून. आज तो काढून टाकला.

कुशावतीकाठी
मंगळवार, दुपारी ३:४०

सई, वाईट वाटून घेऊ नकोस. मीही चपलांसकट थडग्यावर चढलेच होते.

चिरेकाप दादा, तुम्ही शिकलेला नाही म्हणता, पण हाडांचं हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी आपली समजत होते की आपल्याकडे कोणी शोधलंच नाही.

हंपीवारी
मंगळवार, रात्री ९:००

नागपूर लांब पडतं, तर गोव्याहून जवळ असलेलं एक ठिकाण सुचवते. कर्नाटकात गंगावतीजवळ हिरेबेणकल. हंपीला आपण सगळेच जातो, तिथून तासाभराच्या अंतरावर. डोंगर चढून जावं लागतं, वर सुमारे ४०० महापाषाणी रचना आहेत. तिथे टेकाडं नाहीत, मोठ्या दगडी फळ्या उभ्या करून वर फळीचंच छप्पर घातलेली घरं आहेत, काहींच्या पुढच्या फळीला गोल भोक. काही माणसाहून उंच. आजूबाजूचे लोक त्याला मोर्यांची घरं म्हणतात, फार पूर्वी ठेंगणी माणसं राहायची असं सांगतात. एका उंच खडकावर मोठा अर्धगोल दगड आहे, तो ठोकला की नगाऱ्यासारखा वाजतो आणि आवाज दूरवर जातो. १९५५ पासून संरक्षित आहे. आम्ही सकाळी सहाला चढायला सुरुवात केली, नऊ वाजता ऊन असह्य झालं. पाणी भरपूर न्या.

तिथे गोष्ट आहे, बरं का. ठेंगण्या माणसांची का होईना.

नवा_वाटसरू
बुधवार, सकाळी ११:१५

जुनापाणी आणि माहूरझरीच्या त्या वर्तुळांचं नेमकं लोकेशन कोणी टाकेल का? फलक नसलेल्या वर्तुळांचं विशेषतः. मित्रांबरोबर बाइकवर जायचा विचार आहे.

संत्रानगरी
बुधवार, दुपारी १२:००

दादा, राग मानू नका. तुमच्याबद्दल शंका नाही. पण फलक नसलेल्या वर्तुळांची जागा इथे लिहू नये असं मला वाटतं. आमच्याकडे गुप्तधनाचं वेड भयंकर आहे. अमावास्येला कुदळ-फावडं घेऊन जाणारी माणसं आहेत. जुन्या दगडांखाली सोन्याचा हंडा असतो असं कोणीतरी भरवून दिलेलं असतं. निघतं काय? गंजलेलं लोखंड आणि फुटकी मडकी. ते वैतागून फेकून देतात. सगळं विस्कटलं की मग अभ्यासकाला त्यातून काहीच वाचता येत नाही.

मळेकर
बुधवार, दुपारी १२:४५

संत्रानगरींशी पूर्ण सहमत. फलक असलेली जुनापाणीची जागा सर्वांना खुली आहे, तिथे जरूर जा.

कायद्याचंही सांगतो, म्हणजे कोणी म्हणायला नको की ठाऊक नव्हतं. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. केंद्राच्या संरक्षित स्थळापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच. नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि जमिनीत पुरलेलं धन म्हणाल तर १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आपल्या गोव्याचा स्वतंत्र कायदा १९७८ चा आहे, उसगाळीमळ त्यात येतं. शिवाय २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर फणसायमळ युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आठ आणि आपलं एक.

नवा_वाटसरू
बुधवार, दुपारी १:२०

समजलं. हा विचार मी केला नव्हता. फलकाच्या जागीच जाईन, आणि वर चढणार नाही.

डिचोलीकर
बुधवार, रात्री १०:१५

तीन दिवस हे सगळं वाचतो आहे. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, हाडं पेटीत ठेवण्याबद्दल मला अजूनही तसंच वाटतं. पण ताईंनी लिहिलं की "थडगं" म्हटल्यावर तिथे कोणीतरी आलं, ते डोक्यातून जात नाही. आजीच्या बाबतीत आम्ही सगळे तिला ओळखत होतो. या माणसाला ओळखणारं कोणीच उरलेलं नाही. मग त्याची चौकशी करणं हेच कदाचित त्याचं कोणीतरी होणं असेल. नक्की सांगता येत नाही.

चिरेकाप
गुरुवार, सकाळी ६:३०

डिचोलीकर भाऊ, म्हाळात, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धात, आपण पान वाढताना शेवटी ज्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्यासाठीही पाणी सोडतो.

कुशावतीकाठी
शनिवार, रात्री ८:३०

काल सकाळी फणसायमळावर जाऊन आले. घरापासून चालत जाण्यासारखं अंतर, पण खरं सांगते, चार वर्षांत गेले नव्हते. कुशावतीला आता पाणी कमी आहे. पावसाळ्यात नदी त्या जांभ्यावर चढते, गाळ आणि शेवाळ मागे ठेवून जाते. काठाच्या बाजूला अजून हिरवट थर होता.

साडेसातला पोचले. कोणी नव्हतं. ऊन अगदी तिरपं होतं आणि सगळ्या रेघा आपोआप उठून आल्या. वशिंड असलेला बैल, हरणं, पावलांचे ठसे, ती गोल गोल फिरणारी नक्षी. दुपारी आलं की रेघा दिसत नाहीत आणि मग लोक बाटलीतलं पाणी ओततात, खडूने गिरवतात. सकाळी यायला सांगितलं तर यातलं काहीच करावं लागणार नाही. एवढी साधी गोष्ट गावात राहून माझ्या लक्षात आली नव्हती.

नऊच्या सुमारास मडगावहून एक कुटुंब आलं. आई-वडील आणि सात-आठ वर्षांचा मुलगा. मुलगा धावत नक्षीवर जायला निघाला. मी त्याला हाक मारली आणि म्हटलं, बाळा, जरा इकडे ये, तुला एका घोड्याची गोष्ट सांगते. तो आला, आई-वडीलही आले. नागपूरजवळ एका माणसाला पुरलं तेव्हा त्याचा घोडा सजवून त्याच्याबरोबर ठेवला, आणि वर मातीचं टेकाड केलं, आणि मी वेडी त्यावर चपला घालून उभी राहिले, हे सगळं सांगितलं. त्याने विचारलं, मग तुम्ही काय केलं? म्हटलं, खाली उतरले, हात जोडले. तो काही बोलला नाही. वाकून बुटाचे बंद सोडायला लागला. मी त्याला बूट काढायला सांगितलं नव्हतं.

रिवणच्या शाळेतल्या एका शिक्षिकेशी बोलले आहे. येत्या रविवारी सातवीची वीस-बावीस मुलं येणार आहेत. मळेकर सर, तुम्ही येऊन भट्टीचं सांगाल का? चिरेकाप दादा, जांभ्याबद्दल तुमच्याइतकं कोणालाच सांगता येणार नाही, तुम्ही याच. सई, तूही ये. संत्रानगरी दादांना रविवारी सुट्टी असेल तर त्यांनी आजोबांच्या वावरातल्या गोलाबद्दल मुलांना सांगावं, अशी माझी विनंती आहे.

सकाळी सातला रिवणच्या बाजारात जमू, तिथून मिळून जाऊ. ऊन वर यायच्या आत पोचायला हवं. पाणी प्यायला आणा, ओतायला नको. चपला काठावरच्या झाडाखाली काढू, मी गोणपाट आणून ठेवते.

संत्रानगरी
शनिवार, रात्री ९:०५

सुट्टी नाही, पण पाळी बदलून घेतो. येतो, ताई.